राजदूत चांगला, म्हणून मंत्रीही चांगला?

१. डब्यात विचारले जाणारे दोन प्रश्न

परराष्ट्रमंत्री बदलला की कसारा लोकलच्या डब्यात वर्तमानपत्र उघडणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, याचं आपल्याला काय? दुसरा, आयुष्यभर परदेशांत राजदूत म्हणून वावरलेली इतकी माणसं असताना हे खातं राजकारण्याच्या हाती कशाला द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शहाड स्टेशनाजवळच आहे. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५०च्या दशकापासून इथे व्हिस्कोसचा धागा काढतो आहे. हा धागा कापसाचा नसतो, लाकडाच्या लगद्यापासून काढलेला असतो, आणि रेयॉनसाठी लागणारा लगदा त्या काळी मोठ्या प्रमाणावर परदेशातून येई. त्याची किंमत डॉलरमध्ये किंवा पौंडात चुकवावी लागे. ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, म्हणजे परकी चलनाच्या तुलनेत रुपयाचा भाव मुद्दाम खाली आणला. आदल्या दिवशी ४ रुपये ७६ पैशांना पडणारा डॉलर ७ रुपये ५० पैशांचा झाला. आता हिशेब करा. परदेशातून एक हजार डॉलरचा माल आणणाऱ्या कुठल्याही कारखान्याला आधी ४,७६० रुपये मोजावे लागत होते, आता ७,५०० रुपये. माल तोच, वजन तेच, वर २,७४० रुपयांचा भुर्दंड. हा निर्णय अर्थखात्याचा असला तरी त्यामागे जागतिक बँकेचा आग्रह होता, अमेरिकेची मदत अडली होती आणि देशात दुष्काळ होता. बाहेरच्या देशांशी आपले संबंध कसे आहेत, याचा परिणाम असा शहाडच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत येऊन पोचतो. पहिला प्रश्न इथे मिटला.

दुसरा प्रश्न मात्र सोपा नाही. तो नीट तपासायचा तर असा माणूस हवा जो आधी मोठा राजदूत होता आणि मग परराष्ट्रमंत्री झाला. मुंबईने असा एक माणूस दिला आहे. त्याचं नाव मोहम्मदअली करीम चागला.

२. बोलणी करणारा आणि कर्ता

आधी राजदूत आणि मंत्री यांच्या कामातला फरक पाहू. लग्नाची बैठक ठरते तेव्हा मुलीकडून बोलायला सहसा एखादे मामा किंवा थोरले काका पुढे असतात. त्यांना रीत माहीत असते, समोरच्याला न दुखावता आपला मुद्दा कसा रेटायचा हे ठाऊक असतं, कुठे हसून सोडून द्यायचं आणि कुठे अडून बसायचं तेही कळतं. पण दागिने किती घालायचे, हॉलचा खर्च कोणी करायचा, हे ते ठरवत नाहीत. ते घरच्या कर्त्याने आदल्या रात्री ठरवलेलं असतं, आणि ते ठरवताना त्याने धाकट्या भावाची कुरकुर ऐकलेली असते, आईची समजूत काढलेली असते. मामा कितीही वाक्‌पटू असले तरी घरात ज्याचं चालत नाही त्याने दिलेला शब्द टिकत नाही, हे समोरची मंडळीही ओळखून असतात.

राजदूत म्हणजे हे मामा. त्याला दिल्लीहून सूचना येतात, त्या सूचनांच्या चौकटीत त्याने आपल्या देशाची बाजू मांडायची. राष्ट्रकुलातल्या देशांमध्ये, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, त्यालाच उच्चायुक्त म्हणतात, काम तेच. परराष्ट्र सचिव हा या सगळ्या राजदूतांचा दिल्लीतला प्रमुख अधिकारी. मंत्री या सर्वांच्या वर असतो, पण त्याची जबाबदारी वेगळ्या जातीची आहे. त्याला संसदेत उत्तरं द्यायची असतात, मंत्रिमंडळात अर्थमंत्र्याशी आणि संरक्षणमंत्र्याशी भांडायचं असतं, पक्षातल्या नाराजांना सांभाळायचं असतं, आणि या सगळ्यांतून पंतप्रधानांना पटेल असं धोरण बाहेर काढायचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन कामांना लागणारं बळ वेगवेगळं आहे. पहिल्याला बुद्धी, अभ्यास आणि जिभेवरचा ताबा पुरतो. दुसऱ्याला घरात वजन लागतं. चागलांची कारकीर्द याचा जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा पुरावा आहे.

३. हेग, वॉशिंग्टन, लंडन

चागलांचा जन्म १९००चा, मुंबईतल्या खोजा कुटुंबातला. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि काही वर्षं त्यांनी जिनांच्या हाताखाली वकिली केली. १९२८मध्ये नेहरू अहवालावरून दोघांचं बिनसलं आणि चागला मुस्लिम लीगपासून कायमचे दूर झाले. १५ ऑगस्ट १९४७ला ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५८पर्यंत त्या खुर्चीवर होते. ठाणे-कल्याणकडची अपिलं त्या अकरा वर्षांत त्यांच्याच न्यायालयात जात. १९५८च्या सुरुवातीला त्यांनी एकट्याने मुंदडा प्रकरणाची उघड चौकशी केली. आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका उद्योगपतीच्या कंपन्यांत कसा गुंतवला गेला, याचा तो तपास होता. अहवालानंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारचाच मंत्री घरी बसवला, आणि त्याच वर्षी नेहरूंनी त्याला अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. नेहरूंच्या मोठेपणाची नोंद इथे घ्यायला हरकत नाही.

त्याआधी चागला एका आंतरराष्ट्रीय खटल्यात बसले होते, आणि तो खटला मराठी वाचकाच्या जवळचा आहे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतरची न्यायालयीन लढाई मात्र कमी जणांना ठाऊक आहे. दमणहून या भूभागांकडे जाताना मधे भारताचा प्रदेश लागतो. त्यातून जाण्याचा आमचा हक्क भारताने अडवला, अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल १९५५च्या अखेरीस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. या न्यायालयाचा एक नियम असा की ज्या पक्षाचा नागरिक न्यायाधीशांत नसेल त्याला त्या खटल्यापुरता आपला न्यायाधीश देता येतो. भारताने चागलांना दिलं. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने मधला मार्ग काढला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता, आणि भारताने आपली बंधनं मोडलेली नाहीत. कायद्याने मिळण्यासारखं होतं तेवढं भारताला मिळालं. पण पोर्तुगालने त्या भूमीवरचा दावा सोडला नाही. निकाल कितीही बाजूने लागला तरी समोरच्याला तो मान्य करायला लावणं हे न्यायाधीशाच्या हातात नसतं, हे इथेच लक्षात ठेवू. हा धागा पुढे परत लागणार आहे.

वॉशिंग्टनमधली त्यांची वर्षं भारताच्या दृष्टीने बरी गेली. १९५९च्या डिसेंबरात आयझेनहॉवर भारतात आले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची ती पहिलीच भारतभेट. ४ मे १९६०ला अमेरिकेशी गव्हाचा मोठा करार झाला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, आणि किंमत रुपयांत चुकवायची. म्हणजे डॉलर खर्च न करता धान्य. आता सही कोणाची होती ते पाहा. ती राजदूताची नव्हती. ती होती अन्नमंत्री स. का. पाटील यांची, मुंबई काँग्रेसवर ज्यांची पकड होती त्या पाटलांची. राजदूताने दारं उघडी ठेवायची आणि शब्द द्यायला घरचा माणूस यायचा, ही कामाची विभागणी इथे स्वच्छ दिसते. १९६२मध्ये चागला लंडनला उच्चायुक्त झाले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि ब्रिटिश सरकारची सहानुभूती मिळवणं आणि तिथल्या लोकांसमोर भारताची बाजू मांडणं हे त्यांचं काम ठरलं. १९६३च्या अखेरीस नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं.

४. सुरक्षा परिषदेतले दोन बॅरिस्टर

वकिलीची त्यांची ताकद सर्वांत जास्त दिसली ती १९६४मध्ये. डिसेंबर १९६३ला श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष नाहीसा झाला. तो काही दिवसांत मिळालाही, पण त्यावरून उसळलेल्या क्षोभाचा आधार घेऊन पाकिस्तानने काश्मीरचा प्रश्न पुन्हा सुरक्षा परिषदेत नेला. समोर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झुल्फिकार अली भुट्टो होते. दोघेही ऑक्सफर्डचे, दोघेही बॅरिस्टर, आणि भुट्टोंची शाळाही मुंबईतलीच. भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री जाऊ शकत नव्हता, कारण ते खातं अजून नेहरूंकडेच होतं आणि नेहरू आजारी होते. म्हणून शिक्षणमंत्री गेला.

चागलांनी बचावाचा सूर लावला नाही.  त्यांनी सरळ सांगितलं की काश्मीरमधल्या सार्वमताच्या अटी पाकिस्तानने कधी पाळल्याच नाहीत, मधल्या वर्षांत परिस्थिती बदलली आहे आणि आता तो प्रश्न उरत नाही. मुस्लिम बहुसंख्य प्रदेश म्हणून काश्मीर पाकिस्तानचा, या मांडणीला भारताचा एक मुस्लिम मंत्री उत्तर देत होता. त्यालाही अर्थ होता. पण त्यांच्या भाषणाचं बळ धर्मात नव्हतं, कागदपत्रांत होतं. मे महिन्यात परिषदेने ठराव न करताच चर्चा थांबवली. भारताला तेच हवं होतं.

इथे कोणी म्हणेल, मग तुमचा मुद्दाच गेला. असा माणूस परराष्ट्रमंत्री म्हणून यशस्वी व्हायलाच हवा. ते तसं झालं नाही, म्हणूनच हे प्रकरण लिहिण्यासारखं आहे.

५. दहा महिने

नेहरूंनी सतरा वर्षं परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवलं. त्यामुळे स्वतंत्र परराष्ट्रमंत्री ही गोष्ट भारताला १९६४पर्यंत जवळपास अपरिचित होती. शास्त्रींनी ते सरदार स्वर्णसिंगांना दिलं. नोव्हेंबर १९६६मध्ये गोवधबंदीच्या आंदोलनाने दिल्लीत हिंसा झाली, गृहमंत्री गुलझारीलाल नंदा पायउतार झाले आणि इंदिरा गांधींनी फेरबदल केला. त्यात यशवंतराव चव्हाण गृहमंत्री झाले आणि चागला परराष्ट्रमंत्री. महाराष्ट्राच्या वाट्याला एकाच फेरबदलात दोन बडी खाती आली.

तीनच महिन्यांत निवडणूक झाली आणि लोकसभेत काँग्रेस २८३ जागांवर आली. राज्यामागून राज्यं हातची गेली. अशा दुबळ्या सरकारात परराष्ट्रमंत्र्याला प्रत्येक वाक्य तोलून बोलावं लागतं. जूनमध्ये एकाच वेळी दोन संकटं आली. बीजिंगमध्ये भारतीय दूतावासातल्या के. रघुनाथ आणि पी. विजय या दोन अधिकाऱ्यांवर हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना जाहीर अपमान करून हाकललं गेलं, विमानतळावर मारहाण झाली. दिल्लीने जशास तसं उत्तर दिलं. (यातले रघुनाथ पुढे १९९७मध्ये परराष्ट्र सचिव झाले.) त्याच सुमारास इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध झालं. भारताने अरबांची बाजू घेतली. गाझामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले भारतीय जवान इस्रायलच्या हल्ल्यात मारले गेले. विरोधी बाकांवरून जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने सरकारला धारेवर धरलं, इजिप्तच्या नासरसाठी आपण एवढं का करायचं असा सवाल केला. चागलांचं उत्तर तर्काला धरून होतं. पण संसदेत तर्क पुरत नाही. भाषणाचं कौतुक करणारे खासदार मिळतात, आपल्यामागे उभे राहणारे वेगळे असावे लागतात, आणि चागलांमागे कोणीच नव्हतं. ते राज्यसभेचे सदस्य होते. त्यांना ना मतदारसंघ होता, ना पक्षात गट.

त्या दहा महिन्यांतली टिकलेली गोष्ट शांतपणे घडली, आणि ती आज ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात रांग लावणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. तोवर पासपोर्ट देणं किंवा न देणं ही सरकारची मर्जी होती. त्यासाठी कायदाच नव्हता. एप्रिल १९६७मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही. सरकारने घाईघाईने अध्यादेश काढला आणि २४ जून १९६७ला पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट का नाकारता येईल, का जप्त करता येईल, अपील कुठे करायचं, हे पहिल्यांदा लेखी आलं. खातं तेव्हा एका माजी मुख्य न्यायमूर्तीकडे होतं हा योगायोग असेल, पण चांगला योगायोग होता.

६. राजीनामा

सप्टेंबर १९६७मध्ये चागलांनी राजीनामा दिला, आणि कारण होतं भाषा. शिक्षणमंत्री त्रिगुण सेन यांनी विद्यापीठांतलं शिक्षण पाच वर्षांत प्रादेशिक भाषांत आणायचं धोरण पुढे केलं. चागलांचं म्हणणं असं की देशातल्या न्यायालयांना, विद्यापीठांना आणि शिकलेल्या माणसांना जोडणारी इंग्रजी भाषा इतक्या घाईने काढली तर देशाची एकात्मता धोक्यात येईल. मराठीतून लिहिणाऱ्याला हे म्हणणं सबंध पटणं अवघड आहे. पण घाईबद्दल ते बरोबर ठरले. पाच वर्षं केव्हाच उलटली आणि कल्याणच्या कॉलेजांत विज्ञान आजही इंग्रजीतूनच शिकवलं जातं.

आपल्या खात्याशी संबंध नसलेल्या प्रश्नावर तत्त्वासाठी पद सोडणारा मंत्री दुर्मीळ. त्याबद्दल त्यांना मान द्यायलाच हवा. पण परिणाम पाहा. एकही सहकारी त्यांच्यामागून गेला नाही, सरकार हललं नाही. इंदिरा गांधींनी परराष्ट्र खातं स्वतःकडे घेतलं आणि १९६९पर्यंत तसंच चालवलं. याच्याशेजारी दुसरं उदाहरण ठेवा. जुलै १९६९मध्ये मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढलं गेलं आणि चार महिन्यांत काँग्रेस फुटली. मोरारजी चागलांहून मोठे कायदेपंडित नव्हते. त्यांचं पक्षात वजन होतं, एवढाच फरक.

७. राजदूत नसलेला परराष्ट्रमंत्री

ऑक्टोबर १९७४मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातला हा माणूस ना कधी राजदूत होता, ना परदेशी विद्यापीठात शिकला. अर्थखातं काढून हे खातं देणं म्हणजे त्यांना बाजूला सारणं, असं तेव्हाही अनेकांनी म्हटलं, आणि त्यात तथ्य होतं. तरी पुढच्या अडीच वर्षांत काय झालं ते पाहू. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर दिल्लीत आले आणि भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या. फेब्रुवारी १९७५मध्ये अमेरिकेने पाकिस्तानवरची शस्त्रबंदी उठवली, तेव्हा यशवंतरावांनी ठरलेला वॉशिंग्टन दौरा रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये योग्य वेळ पाहून ते गेले. एप्रिल १९७६मध्ये त्यांनी संसदेत जाहीर केलं की चीनमध्ये पुन्हा भारताचा राजदूत जाईल. १९६१नंतर प्रथमच. के. आर. नारायणन गेले.

या शेवटच्या निर्णयात वजनाचा मुद्दा उघड होतो. चीनशी हात मिळवणाऱ्या मंत्र्यावर नमतं घेतल्याचा आरोप करणं तेव्हा सहज शक्य होतं. पण १९६२च्या पराभवानंतर संरक्षण खातं हाती घेऊन सैन्य उभं करणाऱ्या माणसावर तो आरोप चिकटणार कसा? हीच घोषणा चागलांनी संसदेत याहून सुंदर शब्दांत केली असती. ती पचली असती का, याची मला शंका आहे.

हेगचा धागा आता घेऊ. ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत यशवंतराव आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर यात यशवंतरावांच्या कौशल्यापेक्षा एप्रिलमध्ये लिस्बनला झालेल्या क्रांतीचा वाटा मोठा होता. पण न्यायालयात न सुटलेली गाठ सुटली ती तिथल्या घरातला कर्ता बदलल्यावर, हे नाकारता येणार नाही.

८. आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला आहे: जयशंकरांचं काय? २०१५ ते २०१८ परराष्ट्र सचिव, मे २०१९पासून मंत्री. सचिवपदावरून या पदावर आलेले ते पहिलेच. ते या खात्यात टिकले, गाजले. पण त्यांनाही स्वतःचा मतदारसंघ नाही, तेही राज्यसभेतलेच. त्यांचं वजन पंतप्रधानांच्या पाठिंब्यातून येतं, आणि त्या पंतप्रधानांचं घरात पूर्ण चालतं. १९६७च्या इंदिरा गांधी स्वतःच चाचपडत होत्या, त्या कोणाला वजन उसनं देणार? दुसरे माजी राजनैतिक अधिकारी नटवर सिंग यांनी १९८४मध्ये नोकरी सोडली, निवडणूक लढवली, पक्षात वीस वर्षं काढली आणि २००४मध्ये मंत्री झाले. म्हणजे वजन एक तर कमवावं लागतं, नाही तर उसनं घ्यावं लागतं. राजदूतपदाचा अनुभव त्याची जागा घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. घरातलं वजन हीच मंत्र्याची खरी पात्रता मानली, तर ते टिकवण्यासाठी तो गप्प बसायला शिकतो. आणीबाणीत हेच झालं. यशवंतराव मंत्रिमंडळात राहिले, आणि जगापुढे त्या सरकारची बाजू मांडणं हे त्यांच्या खात्याचं काम होतं. पंचाहत्तरीतले चागला त्याच काळात आणीबाणीविरुद्ध उघड बोलत होते. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तो असल्याने चागलांची उंची वाढते हेही मान्य आहे. मात्र तो आक्षेप माणसाच्या नीतीबद्दल आहे, खातं कोण चालवू शकतो याबद्दल नाही. सुरक्षा परिषदेत भारताची बाजू मांडायला या दोघांपैकी एकाला पाठवायचं असतं तर मी चागलांना पाठवलं असतं. साउथ ब्लॉकमधली परराष्ट्रमंत्र्याची खुर्ची मात्र यशवंतरावांनाच दिली असती.